समकालीन कलाप्रदर्शनं बघायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या शहरात एकाच वेळी कितीतरी प्रदर्शनं चालू असतात. बघणाऱ्याची गडबड होते ती बहुतेकदा वेळेच्या हिशेबात. त्यामुळे खालच्या बऱ्याच उत्तरांत मिनिटं आणि तास येतील.

समकालीन कला म्हणजे नेमकी कधीपासूनची?

ठाम रेघ नाही. साधारणपणे १९६०च्या दशकानंतरचं काम या नावाखाली येतं. काही संस्था १९४५पासून धरतात, तर काही फक्त हयात कलावंतांचं काम दाखवतात. व्यवहारात फरक एवढाच, की 'आधुनिक' असं लिहिलेल्या प्रदर्शनात बहुधा चित्रं आणि शिल्पं बघायला मिळतील. 'समकालीन' असं लिहिलेलं असेल तर त्यांच्या जोडीला व्हिडिओ, ध्वनी, मांडणशिल्प (म्हणजे खोलीत वस्तू मांडून उभी केलेली कलाकृती), कागदांचे ढीग, चालतीबोलती माणसं, काहीही असू शकतं.

संग्रहालय, खासगी गॅलरी, बिनाले, कला मेळा यांत फरक काय? सुरुवात कुठून करावी?

संग्रहालयात बहुधा तिकीट असतं, माहिती लिहिलेली असते आणि प्रदर्शन साधारण तीन-चार महिने चालतं. खासगी गॅलरी हे विक्रीचं ठिकाण. तिथे बहुधा तिकीट नसतं, प्रदर्शन चार ते सहा आठवड्यांत उतरतं आणि भिंतीवर बऱ्याचदा एक अक्षरही नसतं. बिनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं प्रदर्शन, ते शहरभर पसरलेलं असतं. व्हेनिसची बिनाले १८९५पासून चालू आहे. जर्मनीतल्या कासेलचं 'डॉक्युमेंटा' मात्र सध्या दर पाच वर्षांनी भरतं आणि १०० दिवस चालतं. कला मेळ्यात शेकडो गॅलऱ्या तीन-चार दिवसांसाठी छोटे गाळे लावतात.

नवख्याने कला मेळ्यापासून सुरुवात करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे एका कलावंताच्या एक-दोन कलाकृती, शेजारी त्यांच्याशी काही संबंध नसलेल्या आणखी दोन, असा क्रम मैलभर चालतो. कुठल्याही कामाला संदर्भ मिळत नाही आणि दोन तासांनी सगळं सारखंच दिसू लागतं. त्यापेक्षा संग्रहालयातलं एकाच कलावंताचं प्रदर्शन निवडा. पहिल्या खोलीत न कळलेली गोष्ट तिसऱ्या खोलीत पुन्हा भेटते, आणि तेव्हा ती ओळखीची वाटते.

काही विकत घ्यायचं नसेल तर खासगी गॅलरीत जाता येतं का?

येतं. दार बंद दिसलं, बेल वाजवावी लागली, आतल्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली नाही, तरी हे सगळं नेहमीचंच आहे. नमस्कार करा आणि बघायला लागा. टेबलावर किंवा दाराजवळ कलाकृतींची यादी ठेवलेली असते, ती आधी उचला. भिंतीवर लेबल नसली तरी यादीत प्रत्येक कामाचं नाव, वर्ष, माध्यम आणि माप असतं. क्रमांक बहुधा दारापासून भिंतीभिंतीने पुढे जातात. किमतींची यादी अनेकदा वेगळी असते, ती मागितल्यावर देतात. 'किंमत बघू शकतो का?' असं विचारल्याने कुणी तुम्हाला ग्राहक धरून मागे लागत नाही. कामाशेजारी किंवा यादीत लाल ठिपका म्हणजे काम विकलं गेलं, अर्धा ठिपका म्हणजे राखून ठेवलं.

एका दिवसात किती प्रदर्शनं बघावीत?

संग्रहालयातलं मोठं प्रदर्शन असेल तर एकच. खासगी गॅलऱ्या असतील तर तीन किंवा चार, त्याही एकाच वस्तीतल्या.

हा आकडा कमी वाटतो, म्हणून हिशेब मांडू. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका कलाकृतीपुढे किती वेळ थांबतात, हे मोजणारा एक अभ्यास २००१मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली २७.२ सेकंद आणि मध्यक १७ सेकंद (म्हणजे निम्म्या वेळा लोक त्याहूनही कमी थांबले), तेही नावाजलेल्या चित्रांपुढे. सरासरीच्या वेगाने शंभर कामं पाऊण तासात होतात. पण समकालीन प्रदर्शनात हा वेग चालतच नाही. १८ मिनिटांचा व्हिडिओ १७ सेकंदांत बघणं म्हणजे दारातून डोकावणं.

घरून निघण्यापूर्वी प्रदर्शनाचं पान उघडा आणि व्हिडिओ व ध्वनी कलाकृतींची लांबी शोधा. सहा व्हिडिओ असतील आणि त्यांची बेरीज ११० मिनिटं होत असेल, तर दोनच पूर्ण बघायचे असं आधीच ठरवा. बाकीच्या कामांपैकी आठ-दहा निवडून प्रत्येकी पाच मिनिटं द्या, उरलेल्यांवरून नजर फिरवा. एवढ्यात दोन तास भरतात, आणि दोन तासांनंतर बहुतेकांचं लक्ष उडतं. बॉस्टनच्या संग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६मध्येच 'संग्रहालयाचा थकवा' या विषयावर लेख लिहिला होता. वाकून, मान वळवून, उकिडवं बसून लेबल वाचणाऱ्या माणसाचे फोटोही त्यांनी काढून घेतले होते. थकवा कलेचा नसतो, पाठीचा असतो. बसायला बाक दिसला की बसा, पाय दुखायची वाट बघू नका.

कोणत्या दिवशी, किती वाजता जावं?

आठवड्याच्या मधल्या दिवशी, उघडल्यावर पहिल्या तासात. जाण्याआधी चार गोष्टी तपासा.

साप्ताहिक सुट्टी: संग्रहालयं आणि गॅलऱ्या यांची सुट्टी वेगवेगळ्या दिवशी असू शकते. दोन्ही एकाच दिवशी बघायचं ठरवलं, की नेमकं एक बंद सापडतं.

शेवटचा प्रवेश: बंद होण्याच्या अर्धा ते एक तास आधी प्रवेश थांबतो, आणि व्हिडिओची दालनं त्याहूनही आधी आवरायला घेतात.

बदलाचा काळ: एक प्रदर्शन उतरून दुसरं लागेपर्यंत गॅलरी आठवडा-दोन आठवडे बंद असते किंवा अर्धी झाकलेली असते. लोक सर्वांत जास्त इथेच फसतात, कारण नकाशाच्या ॲपवर गॅलरी 'चालू' दिसते. गॅलरीच्या स्वतःच्या पानावरची प्रदर्शनाची तारीख बघा.

उद्घाटनाची संध्याकाळ: माणसं भेटतात, कलावंतही भेटतो, पण काम दिसत नाही. दोन्ही हवं असेल तर दोनदा जा.

प्रवेश मोफत असताना आधी नोंदणी का करायला लावतात?

खोलीत एका वेळी किती माणसं मावतील याला मर्यादा असते म्हणून. जपानी कलावंत यायोई कुसामा यांच्या आरशांच्या खोल्या हे टोकाचं उदाहरण. वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयात २०१७मध्ये प्रत्येक खोलीत आत राहायला २० ते ३० सेकंदच मिळत होते. त्याच प्रदर्शनात एका प्रेक्षकामुळे भोपळ्याचं एक शिल्प फुटलं आणि ती खोली काही काळ बंद ठेवावी लागली. अशा प्रदर्शनात सकाळचा पहिला गट गाठा, कारण पुढे प्रत्येक गटाचा उशीर पुढच्याच्या माथी येतो. एक सूचनाही नीट वाचा: तिकिटावरची वेळ इमारतीत शिरण्याची आहे की त्या खोलीत? दोन्हींत चांगला तासाभराचा फरक पडू शकतो.

व्हिडिओ मधूनच सुरू झालेला असतो. पूर्ण बघावा का?

बहुतेक व्हिडिओ फेरीत चालतात, म्हणजे संपला की लगेच पुन्हा सुरू. बाहेरच्या लेबलावर लांबी असते. दहा मिनिटांच्या आतला असेल तर मधून शिरा आणि जिथून शिरलात तिथे पुन्हा येईपर्यंत बसा. वीस-तीस मिनिटांचा असून त्यात कथा असेल, तर राखणदाराला पुढची सुरुवात किती वाजता आहे ते विचारा आणि तोवर शेजारची खोली बघून या. काही संस्था सुरुवातीच्या वेळा दारावर लावतात.

सगळं बघणं अपेक्षित नसलेलीही कामं असतात. ख्रिश्चन मार्क्ले यांचं २०१०चं 'द क्लॉक' २४ तासांचं आहे. चित्रपटांतल्या घड्याळांच्या हजारो तुकड्यांतून ते बांधलेलं आहे आणि पडद्यावरची वेळ तुमच्या मनगटावरच्या वेळेशी जुळते. तिथे दुपारी पावणेबाराला जाऊन बारा वाजेपर्यंत थांबणं हे सकाळी अकराला जाऊन तासभर बसण्यापेक्षा चांगलं. ठोक्याची वेळ जवळ येते तसा पडद्यावरचा ताण वाढत जातो.

अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर लगेच पुढे चालू नका. भिंतीशी अर्धा मिनिट थांबा. डोळ्यांना अंधाराची सवय पूर्ण व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण बाक आणि माणसं दिसण्यापुरतं एवढं पुरतं. पडद्यासमोरून आडवं जाऊ नका, कडेने जा.

लेबल कसं वाचायचं?

वरून खाली क्रम साधारण ठरलेला असतो: कलावंताचं नाव आणि जन्माचं वर्ष, कामाचं नाव आणि वर्ष, माध्यम, माप, मालकी. यात सर्वांत जास्त माहिती लोक वगळतात त्या खालच्या तीन ओळींत असते.

वर्षात '२०११–२०१९' असं असेल तर काम आठ वर्षं चाललं. '१९७२/२०१५' अशी तिरपी रेघ असेल, तर मूळ काम १९७२चं आणि समोर दिसतं ते २०१५मध्ये पुन्हा घडवलेलं किंवा छापलेलं. छायाचित्रांत हे वारंवार भेटतं.

माध्यमाची ओळ नीट वाचा. 'कागदावर शाई' आणि 'कागदावर शाई, काजळी, कलावंताचे केस' ही दोन वेगळी कामं आहेत. ही ओळ वाचल्यावर परत कामाकडे बघा, बहुतेकदा काहीतरी नवं दिसतं.

मापात आधी उंची, मग रुंदी, मग खोली. 'माप जागेनुसार' लिहिलं असेल तर ते काम दुसऱ्या शहरात वेगळ्या आकारात मांडलं जाईल. अशा कामांत कलावंताच्या सूचना हेच मूळ काम असू शकतं. सोल लेविट यांची भित्तिचित्रं १९६८पासून अशीच आहेत: सूचनांवरून इतर लोक भिंतीवर काढतात आणि प्रदर्शन संपल्यावर अनेकदा वर रंग मारून टाकतात.

'३/५' म्हणजे पाच प्रतींपैकी तिसरी, आणि 'ए.पी.' म्हणजे कलावंताने स्वतःकडे ठेवलेली प्रत. माउरित्सिओ कातेलान यांचं २०१९चं 'कॉमेडियन', म्हणजे भिंतीवर चंदेरी टेपने चिकटवलेलं केळं, तीन प्रती अधिक दोन ए.पी. असं निघालं. विकत घेणाऱ्याला प्रमाणपत्र आणि मांडणीच्या सूचना मिळतात, केळं बदलत राहतात. त्याची एक प्रत नोव्हेंबर २०२४मध्ये लिलावात ६२ लाख डॉलरला गेली.

शेवटची ओळ मालकीची. 'कलावंत आणि अमुक गॅलरीच्या सौजन्याने' असं असेल तर ते काम संग्रहालयाचं नाही, उसनं आणलेलं आहे, आणि कदाचित विक्रीलाही असेल.

भिंतीवरचा मोठा मजकूर आधी वाचावा की नंतर?

नंतर. खोलीला एक फेरी मारा, मग वाचा, मग दुसरी फेरी. आधी वाचलं की डोळे त्या मजकुराचे पुरावे शोधत फिरतात.

मजकूर अवजड असेल, वाक्याला ना बूड ना शेंडा असेल, तर दोष वाचणाऱ्याचा नसतो. त्यातून तीनच गोष्टी उचला: काम कुठे आणि कधी झालं, कोणत्या साहित्यातून झालं, आणि कोणत्या घटनेशी जोडलेलं आहे. उरलेलं सोडून द्या.

समोर उभं राहून काहीच कळलं नाही तर?

'याचा अर्थ काय' या प्रश्नाने सुरुवात केली की अडकायला होतं. त्याऐवजी हे विचारा: हे कशाचं बनलं आहे? किती वेळ लागला असेल? याला कुठे उभं राहून बघायचं आहे? यातली एक गोष्ट काढून टाकली तर काय बिघडेल? या प्रश्नांची उत्तरं समोरच दिसतात.

फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांच्या १९९१च्या एका कामाचं उदाहरण घेऊ. कोपऱ्यात चमकत्या कागदांतल्या गोड गोळ्यांचा ढीग आहे. कशाचं बनलं आहे? गोळ्यांचं, आणि लेबलानुसार ढिगाचं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. वजन सांगायची गरज का पडली? प्रेक्षक गोळी उचलू शकतात, ढीग घटत जातो आणि संग्रहालय तो पुन्हा भरू शकतं. ७९ किलो साधारण एका प्रौढ पुरुषाचं वजन. कामाच्या नावात कंसात 'रॉसचं व्यक्तिचित्र' असं आहे, आणि रॉस हा कलावंताचा जोडीदार त्याच वर्षी एड्सने गेला. अर्ध्याहून अधिक वाट तुम्ही वजन आणि ढीग बघूनच चालून आलात, लेबलाने फक्त नाव दिलं. हेच लेबल सगळीकडे सारखं नसतं. २०२२मध्ये आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोच्या लेबलात रॉसचा आणि एड्सचा उल्लेख नव्हता. त्यावर टीका झाल्यावर तो मजकूर बदलला गेला.

पाच मिनिटं देऊनही काही झालं नाही, तर पुढे चला. न आवडणं हाही निकाल आहे, आणि वाईट कामं असतातच.

कलाकृतीला हात लावता येतो का? कधी लावता येतो हे कसं ओळखायचं?

लिहिलेलं नसेल तर नाही, हाच नियम. सगळे गोळ्या उचलत असले तरी लेबल वाचा किंवा राखणदाराला विचारा. बोटांवरचा घाम आणि तेल यांनी घासून चमकवलेल्या धातूवर कायमचा डाग उमटतो, आणि न रंगवलेल्या कापडावरचा डाग धुता येत नाही.

नियम मधेच बदलतात हेही लक्षात ठेवा. चिनी कलावंत आय वेवे यांनी २०१०मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात चिनी मातीच्या सुमारे १० कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. लोकांनी त्यांवरून चालावं अशी कल्पना होती, पण चालल्याने उडणारी धूळ फुप्फुसांना घातक ठरू शकते म्हणून काही दिवसांतच चालणं बंद झालं.

जमिनीवरची रेघ आणि गुडघ्याएवढी दोरी कलाकृतीला वाचवते, तशी तुम्हालाही. अनिश कपूर यांच्या 'डिसेंट इंटू लिम्बो'मध्ये जमिनीतला खोल खड्डा आतून इतका काळा आहे, की तो रंगवलेलं वर्तुळ वाटतो. २०१८मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात एक प्रेक्षक त्यात पडला. खड्डा सुमारे अडीच मीटर खोल होता. सपाट दिसतंय म्हणून पाय टाकून बघू नका.

फोटो काढता येतात का?

प्रत्येक कामाची परवानगी वेगळी असू शकते. संग्रहालयाच्या स्वतःच्या कामाचा चालतो, उसन्या आणलेल्याचा चालत नाही. लेबलाजवळ कॅमेऱ्यावर काट मारलेली खूण असते, ती बघा. फ्लॅश, तिपाई आणि सेल्फी काठी जवळपास सगळीकडे मना आहे. फोनचा फ्लॅश 'आपोआप' वर राहतो आणि अंधारात नेमका उडतो, म्हणून दारातच बंद करा.

प्रक्षेपित व्हिडिओच्या फोटोत रंगांचे आडवे पट्टे येतात. प्रोजेक्टर रंग एकामागोमाग एक फेकतो, आणि कॅमेरा त्या दरम्यानचा क्षण पकडतो. फोनमध्ये शटरचा वेग सेकंदाच्या १/३० च्या आसपास आणला तर बहुधा पट्टे जातात.

कामाचा फोटो काढलात की लगेच लेबलाचाही काढा. महिन्याभराने दोनशे फोटोंतून कुठलं कोणाचं हे आठवत नाही.

सोबत काय न्यावं, काय नेऊ नये?

पाठीवरची पिशवी पुढे घ्यायला लावतात किंवा जमा करायला, कारण वळताना मागच्या पिशवीचा अंदाज राहत नाही. लॉकरसाठी नाणं लागेल का, ते बघून ठेवा. नोंदींसाठी पेन्सिल न्या, अनेक ठिकाणी शाईचं पेन चालत नाही. पाण्याची बाटली बंद पिशवीत. पातळ स्वेटर घ्या, कारण दालनांचं तापमान कलाकृतींना सोसेल असं, साधारण २० अंशांच्या आसपास ठेवतात आणि दोन तास हळू चालणाऱ्याला ते गार लागतं. सहज काढता येणारे बूट आणि धड मोजे घाला, काही मांडणशिल्पांत बूट काढून जावं लागतं. आरशाची जमीन असेल तर घागरा, स्कर्ट टाळा.

दालनात एवढा अंधार का?

कागद, कापड आणि जलरंग यांवर साधारण ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) एवढाच प्रकाश ठेवतात, कारण प्रकाशाने झालेली हानी भरून येत नाही. तैलरंगाला १५० ते २०० लक्स चालतो. चकाकी आड येत असेल तर दोन पावलं बाजूला सरका. चित्रांचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरवर ठेवतात.

यंत्र बंद आहे, पडदा काळा आहे. बिघडलंय का?

कदाचित तसंच असेल, कदाचित नसेल. ज्याँ टिंग्वेली यांच्यासारख्यांची हलती यंत्रं झिजू नयेत म्हणून ठरावीक अंतरानेच चालवतात. व्हिडिओच्या मधली काळी चौकट मिनिटभर मुद्दाम असू शकते. तीन मिनिटं थांबा, मग राखणदाराला विचारा. खरंच बंद असेल तर त्यालाच दुरुस्तीसाठी कळवायला सांगा. प्रोजेक्टर बंद पडलेला कुणाच्या लक्षात न येणं अजिबात दुर्मीळ नाही.

एकूणच राखणदारांशी बोला. ते त्या खोलीत दिवसभर उभे असतात, लोक कुठे थांबतात, कुठे हसतात, काय चुकवून जातात, हे त्यांना पाठ असतं.

माणसंच कलाकृती असतील तर कसं वागावं?

दारावरची सूचना वाचा आणि तेवढंच करा. मारिना अब्रामोविच २०१०मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात सुमारे अडीच महिने, संग्रहालय उघडं असताना, खुर्चीत बसून राहिल्या. समोरच्या खुर्चीत कुणीही बसू शकत होतं, पण बोलायचं नाही आणि स्पर्श करायचा नाही. रांग इतकी लांब असायची, की दिवसभर थांबूनही पाळी न आलेले लोक होते. सादरीकरण ठरावीक वेळेला असेल तर पंधरा मिनिटं आधी पोचा, कारण अनेकदा मधून आत सोडत नाहीत.

लहान मुलांना न्यावं का?

न्यावं, पण पाऊण तासापुरतं, आणि जेवणानंतर. ध्वनी, प्रकाश आणि मोठी मांडणशिल्पं आधी, चित्रं नंतर. मुलाला एक काम द्या: 'या खोलीत किती प्रकारचं साहित्य वापरलंय ते शोध.' जमिनीवर ठेवलेली सुटी कामं असलेल्या खोलीत हात धरूनच चला. बाबागाडी सगळ्या दालनांत चालत नाही, आधी विचारा.

झगमगता प्रकाश, मोठा आवाज, चाकाची खुर्ची यांसाठी काय बघावं?

लखलखणाऱ्या प्रकाशाची सूचना दारावर असते, पण तिथपर्यंत पोचेपर्यंत प्रकाश डोळ्यांत गेलेला असू शकतो. फिट्सचा त्रास असणाऱ्याने तिकीटखिडकीवरच अशी दालनं कोणती ते विचारून ठेवावं. जुन्या कारखान्यांत किंवा गोदामांत भरलेल्या प्रदर्शनांत उंबरे आणि लोखंडी जिने असतात, आणि लिफ्ट मालवाहू असली तर कर्मचाऱ्याला बोलवावी लागते. फोन करून विचारताना 'सोय आहे का?' एवढंच विचारू नका, 'सगळ्या मजल्यांवर जाता येतं का?' असं विचारा. काही संस्था आठवड्यातून एखादी शांत वेळ ठेवतात, तेव्हा आवाज कमी आणि गर्दीही कमी असते.

कॅटलॉग विकत घ्यावा का?

प्रदर्शन बघून झाल्यावर ठरवा. चित्रांचे फोटो इंटरनेटवर मिळतात, पण मांडणशिल्पाचा त्या खोलीतला नकाशा, कलावंताची मुलाखत आणि कामांची पूर्ण यादी बहुधा कॅटलॉगमध्येच असते. त्यात त्याच दालनातल्या मांडणीचे फोटो आहेत का, हे पानं उलटून बघा. उद्घाटनाआधीच छापलेल्या कॅटलॉगमध्ये ते नसतात, आणि नव्या मांडणशिल्पाच्या जागी रेखाटनावरच भागवलेलं असतं. अशा वेळी गॅलरीतली मोफत घडीपत्रिका आणि तुमचे लेबलांचे फोटो पुरेसे आहेत.